कोऱ्या चहाची कैफियत

घरात चार-पाच डब्यांत निरनिराळा पानाचा चहा ठेवणाऱ्या माणसाच्या वाट्याला आपल्याकडे दोनच गोष्टी येतात. एक तर थट्टा, नाही तर ‘वजन कमी करताय वाटतं?’ हा प्रश्न. प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळं होता येतं. थट्टेचं तसं नसतं, कारण थट्टा करणारा स्वतःला परंपरेचा राखणदार समजत असतो. आपला चहा म्हणजे आलं ठेचून, दूध घालून, खळखळून उकळलेला. बाकी सगळं साहेबाचं नाही तर मॉलमधलं, असं त्याचं ठाम मत. रंगीत गरम पाण्यासाठी किलोला दोन-दोन हजार मोजणारे लोक त्याच्या लेखी मूर्ख तरी असतात किंवा ढोंगी तरी. शेवटी हुकमाचं पान पडतं: डोळ्यांवर पट्टी बांधली तर दार्जिलिंग कुठलं आणि निलगिरी कुठलं, हे तुम्हाला तरी सांगता येईल का?

हे लग्नघरात ऐकलं, ऑफिसात ऐकलं, सख्ख्या नातेवाइकांकडून तर दर दिवाळीला ऐकतो. तेव्हा एकदा मुद्द्याला मुद्दा लावून उत्तर दिलेलं बरं.

उकळलेल्या दुधाच्या चहाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. पावसात भिजून आल्यावर मलाही तोच लागतो. टपरीवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी साध्या चुऱ्यातून, दुधातून आणि वेलदोड्यातून जे उभं केलं ते अस्सल इथलं कसब आहे. भांडण आहे ते त्या चहाला ‘मूळ’ म्हणून पुढे करून दुसऱ्याचा कप हास्यास्पद ठरवण्याशी.

तर हे मूळ किती जुनं? १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा सुधारक त्यांच्यावरच चिडले. आक्षेप मिशनऱ्यांच्या हातचं घेण्याला होता, चहाच्या पानाला नव्हे, हे मान्य. तरीही एका कपापायी ज्या शहरात एवढं रामायण झालं, तिथे चहा फार तर चार-पाच पिढ्यांचा पाहुणा आहे हे विसरायला नको. ज्याचा आपण सर्वांत जास्त अभिमान बाळगतो ते अमृततुल्यही पुण्यात १९२० च्या दशकात आलं, तेही राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी आणलं.

त्याच्याही मागे जायचं असेल तर सुरतेला जाऊ. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे येऊन गेलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने इथल्या चहापानाचं वर्णन केलं आहे. त्यात पाण्यात उकळलेला गरम मसाला आहे, खडीसाखर आहे, मुरवलेलं लिंबू आहे. दूध नाही. आसाम-अरुणाचलातले सिंगफो लोक इंग्रज तिथे पोचण्याच्या आधीपासून चहाची पानं भाजून, बांबूच्या नळीत ठासून, धुरावर ठेवत आले आहेत. त्याला फालाप म्हणतात आणि तो बिनदुधाचाच पितात. रॉबर्ट ब्रूसला १८२३ मध्ये आसामातल्या चहाचा पत्ता लागला तो याच लोकांकडून. म्हणजे या देशात ‘मूळ’ चहा कुठला असं विचारायचंच असेल, तर उत्तर थट्टा करणाऱ्याच्या बाजूने जात नाही.

मग घराघरांत दुधाचा चहा शिरला कसा? त्यात परंपरेपेक्षा जाहिरातीचा वाटा मोठा. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० च्या मंदीत परदेशातलं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा मळेवाल्यांनी आपला मोर्चा जोरात देशी माणसाकडे वळवला. रेल्वे स्टेशनांवर इनॅमलच्या पाट्या लागल्या, गाड्या फिरल्या, फुकट कप वाटले गेले, चहा कसा करायचा हे दाखवायला माणसं दारोदार गेली. आता गंमत पाहा. ही माणसं शिकवत होती ती कृती पातेल्यातल्या उकळीची नव्हती. किटली गरम करा, पत्ती टाका, ताजं उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं मुरू द्या, मग गाळून वरून दूध घाला. पत्ती कमी, दूध-मसाला जास्त, असा चहा विकणाऱ्यांवर मळेवाल्यांचा रागच होता, कारण त्यात पत्ती कमी खपायची. टपरीवाल्याने त्यांना जुमानलं नाही. शाबास त्याची! पण मग त्याच्या बंडखोरीला सनातन धर्म का म्हणायचं?

बाकीचं काम यंत्राने केलं. १९३० च्या सुमारास आसामातल्या आमगुरी बागेत विल्यम मॅककर्चर याने असे दातेरी रूळ बसवले, की पान त्यांतून चुरडून, फाटून, गोळी होऊन बाहेर पडे. हाच सीटीसी. स्वातंत्र्यानंतर तो देशभर पसरला. चिमूटभरात रंग, दोन मिनिटांत कडकपणा आणि किलोमागे जास्त कप, एवढं मिळाल्यावर गरीब देशाने तो डोक्यावर घेतला यात नवल नाही. वाण्याच्या दुकानात आपण ‘ममरी’, ‘डस्ट’, ‘फॅमिली मिक्श्चर’ म्हणून जे घेतो ते बहुतेक सगळं हेच. आज देशात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा होतो, त्यात जुन्या पद्धतीने वळलेला, म्हणजे ऑर्थोडॉक्स, दहा टक्क्यांच्या आसपास. त्यातलाही मोठा भाग इराण, इराक, रशियाला जातो, दार्जिलिंग जर्मनी-जपानला. दार्जिलिंगला २००४ मध्ये देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान सगळ्यांना आहे, कप मात्र हँबुर्गात भरतो. आपल्याच डोंगरातलं पान आपण प्यायलो की ती परदेशी फॅशन, हा तर्क मला आजवर उलगडलेला नाही.

आता चोचल्यांचं बघू. बिनदुधाचा चहा श्रीमंतांचा, असं म्हणणाऱ्याने मे महिन्यात एखाद्या कोरडवाहू गावात जाऊन यावं. जनावर आटलेलं, दूध विकत घ्यायची ऐपत नाही, अशा घरात गुळाचा कोरा चहाच पुढे येतो. आणि मध्यमवर्गीय स्वयंपाकघरातही सगळे पातेलं खदखदवत नसत. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, पावडर टाकून झाकण ठेवायचं, दोन मिनिटांनी गाळून वरून गरम दूध घालायचं, ही पद्धत अनेक मराठी घरांत आजही आहे. लोकरीने विणलेली टिकोझी ज्यांच्या आजीच्या कपाटात होती, त्यांनी तरी मुरवलेल्या चहाला परका म्हणू नये.

पैशाचा हिशेब तर अगदी सरळ आहे. कपाला अडीच ग्रॅम पत्ती लागते. पानाचा चहा दोन हजार रुपये किलोचा धरला तरी कपाला पाच रुपये पडतात. निलगिरीचा किंवा आसामचा बरा ऑर्थोडॉक्स याहून पुष्कळ स्वस्त मिळतो, तो अडीच-तीन रुपयांत बसतो. दुधाच्या चहात पाचशे रुपये किलोची पावडर सव्वा रुपयाची, आणि साठ रुपये लिटरच्या भावाने अर्धा कप दूध साडेचार रुपयांचं, साखर-आलं वेगळं. बेरीज सहाच्या आसपास जाते. शिवाय चांगलं पान दुसऱ्यांदा पाणी घेतं, ऊलाँग तर तीन-चार वेळा. दहा-पंधरा रुपयांचं कटिंग दिवसातून तीनदा पिणाऱ्याने पानाच्या चहाला महाग म्हणणं, हे हिशेब न मांडल्याचं लक्षण आहे. किलोचा आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण किलोने घ्यायला सांगतंय कोण? पन्नास ग्रॅमचं पाकीट आणावं, वीस कप होतात.

इथे आमच्या बाजूच्या लोकांचेही कान धरायला हवेत, कारण चोचल्यांचा आरोप हवेतून आलेला नाही. २०१८ मध्ये गुवाहाटीच्या लिलावात मनोहारी बागेचा सोनेरी कळ्यांचा चहा ३९,००१ रुपये किलोने गेला, २०२१ मध्ये तोच ९९,९९९ रुपयांवर पोचला. असल्या बातम्या वाचून पानाचा चहा म्हणजे दागिना, अशी समजूत होते. त्यात दुकानदारांनी चॉकलेट, आंबा, केशर-गुलाबाची अत्तरं फवारलेल्या पत्त्यांची रांग मांडली. अशा चहात पान कसं आहे हे कळूच नये, अशीच सोय असते. आणि काही हौशी मंडळी कपापेक्षा किटलीच्या फोटोत जास्त रमतात. त्यांची थट्टा जरूर करा. पण लग्नात पैठणी मिरवणाऱ्या बाईवरून कुणी विणकराची लायकी ठरवत नाही.

चवीचा आरोप जास्त गंभीर आहे, कारण तो करणाऱ्याने बहुधा खरोखरच एक बेचव कप प्यायलेला असतो. तो बेचव का झाला ते सांगतो. आपला चमचा सीटीसीचा. चमचाभर सीटीसी म्हणजे अडीच-तीन ग्रॅम, पण मोठ्या पानाचा चहा फुगीर असतो, त्याच चमच्यात तो जेमतेम एक ग्रॅम मावतो. म्हणजे पत्ती निम्म्याहून कमी पडली. मग रंग येत नाही म्हणून तोच चहा पातेल्यात उकळला, म्हणजे सुगंध वाफेबरोबर गेला आणि तुरटपणा तेवढा उरला. दुधाच्या चहात हा तुरटपणा खपतो, कारण दुधातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. सीटीसीची घडणच त्या सोयीची आहे. कोऱ्या चहाला तसा आधार नाही. ग्रीन टीची तर आपण पुरती वाट लावली. धूळ भरलेली पिशवी कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायची आणि नाक दाबून औषध म्हणून प्यायची. हिरव्या चहाला सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं पुरतात. वजनाच्या काट्यासाठी पिणाऱ्यांनी त्याची चव कधी पाहिलीच नाही आणि निकाल मात्र चवीवर दिला. पाण्याचंही असंच. बोअरवेलच्या नाही तर टँकरच्या जड पाण्यात कोरा चहा मलूल होतो, वर तवंग धरतो. दोष पानाच्या माथी येतो.

नीट केला तर काय मिळतं? हिरवा, पांढरा, ऊलाँग, काळा, सगळे एकाच झुडपाचे. तोडल्यावर पान किती सुकवलं, कितपत मळलं, हवेवर किती काळू दिलं, केव्हा भाजून थांबवलं, एवढ्यावर हे सगळे फरक पडतात. दार्जिलिंगचा पहिला बहर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमधला. रंग फिका, वास कोवळ्या पाल्याचा, थोडा तुरट. त्याच बागेचा मे-जूनचा दुसरा बहर घ्या, जणू दुसरं झाड. त्यात तुडतुड्यांचा आणि फुलकिड्यांचा हात आहे. हे किडे कोवळी पानं चावतात, झुडूप बचावासाठी आपल्यात वेगळी द्रव्यं तयार करतं आणि त्यातून पिकल्या द्राक्षाचा तो प्रसिद्ध सुगंध येतो. ज्या तुडतुड्याच्या नावाने आपला कापूसवाला बोटं मोडतो, त्याच्या भाऊबंदांच्या चाव्याची वाट तैवानमधले काही ऊलाँगवाले मुद्दाम पाहतात आणि तेवढ्यासाठी औषध मारत नाहीत. आसामच्या पानात काकवीचा दाटपणा असतो. निलगिरीचा हिवाळी चहा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सावकाश वाढलेल्या पानाचा, स्वच्छ आणि फुलांच्या वासाचा. तो गार केला तरी गढूळ होत नाही, म्हणून उन्हाळ्यात लिंबू पिळून प्यायला याच्यासारखा दुसरा नाही. कांगड्याच्या बागा १९०५ च्या भूकंपाने मोडल्या, तरी तिथला हिरवा चहा अजून मिळतो आणि तो हौसेने शोधावा असा आहे. पाकिटावर ऑर्किड आणि पीच लिहिलेलं असतं त्याने बिचकू नका. ज्याने ऑर्किड हुंगलेलं नाही त्याने ते शोधायचं कशाला? भिजलं गवत, काकवी, सुंठ, भाजलेला तांदूळ, वाळलेली आंबोशी, हे आपले वास आहेत आणि ते कपात सापडतात.

राहता राहिलं डोळे बांधण्याचं आव्हान. ते मी आनंदाने घेतो, आणि देणाऱ्यानेही घ्यावं. तीन सारखे कप, प्रत्येकात सारख्या वजनाचं पान, तेच पाणी, तीच तीन मिनिटं. दोन कपांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा. ओतणारा एक, पिणारा दुसरा. वेगळा कुठला ते ओळखा. आसाम आणि दार्जिलिंगमध्ये पहिल्या दिवशीच ओळखाल. शेजारशेजारच्या दोन बागांमध्ये चुकाल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तेवढ्या बारकाव्यासाठी लोक वर्षानुवर्षं नोकरी करतात. कोलकाता-गुवाहाटीचे चहापारखी दिवसाला शेकडो कप चाखतात. ते चमचाभर चहा जोरात भुरका मारून तोंडात ओढतात, म्हणजे तो तुषार होऊन जिभेवर पसरतो आणि वास घशाकडून नाकात चढतो. ज्या भुरक्याबद्दल आपण लहानपणी धपाटे खाल्ले तो या धंद्यात कौशल्य समजला जातो. आणि दूधप्रेमींनी हेही ऐकून ठेवावं, की सीटीसी पारखताना हेच लोक कपात दूध घालतात, कारण तो चहा दुधासाठीच केलेला आहे. त्यांना यात उच्चनीच काही वाटत नाही. चाखण्याचा कप कसा करावा याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे: शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं. याच विषयावरच्या ब्रिटिश मानकाला १९९९ मध्ये साहित्याचा इग्नोबेल मिळाला, म्हणजे थट्टा त्यांचीही झाली. फक्त ती जास्त चांगली होती.

एक आक्षेप मात्र मी झटकून टाकू शकत नाही. तो सहसा चहाची थट्टा करणारे घेत नाहीत, मजुरांबद्दल बोलणारे घेतात. दोन पानं आणि एक कळी खुडणाऱ्या बाईला काय मिळतं? आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात २०२३ मध्ये रोजंदारी वाढून २५० रुपये झाली, यावरून काय ते समजा. पण ही सल पानाच्या चहापुरती नाही. वाण्याकडची ममरी त्याच झुडपांवरून, त्याच हातांनी येते. फरक एवढाच की ती कुणाच्या बागेतली हे पाकीट सांगत नाही. देशातला निम्म्याहून अधिक हिरवा पाला आज लहान शेतकरी पिकवतात आणि कारखान्याने ठरवलेल्या भावाला विकतात. त्यांच्यातले काही जण आता स्वतः पान वळून थेट घरगुती गिऱ्हाइकाला देतात. नाव छापलेल्या पाकिटाने मजुरी आपोआप वाढत नाही, हे खरं आहे. पण ज्याला बागेचं नाव ठाऊक आहे, त्याला निदान जाब कुणाला विचारायचा हे कळतं. बेनाव चुऱ्याच्या गिऱ्हाइकाला तेवढंही शक्य नाही.

एवढ्यावरही कुणाला थट्टाच करायची असेल तर त्याने ती प्यायल्यानंतर करावी. आसामचा ऑर्थोडॉक्स आणि दार्जिलिंगचा दुसरा बहर, प्रत्येकी पन्नास ग्रॅम आणा. पाकिटावर तोडणीचं साल पाहा, नसेल तर घेऊ नका. डबा घट्ट झाकणाचा असू द्या आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अडीच ग्रॅम मोजा, दोनशे मिलिलिटर पाणी उकळून ओता, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. पहिला कप दूध-साखरेवाचून प्या. नाही आवडला, तर उरलेलं आसामचं पान खुशाल पातेल्यात घाला, आलं ठेचा, दूध ओता. त्याला ते चालतं. दार्जिलिंगचं पाकीट मात्र माझ्याकडे पाठवून द्या.